राखण कोणी करायची? आपोआप चालणाऱ्या गाड्यांविषयी



मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा पुण्यात भाड्याची गाडी चालवतो. गाडी मालकाची, हा पगारी ड्रायव्हर. मालकाने नुकतीच नवी गाडी घेतली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता काही त्रास नाही. ही गाडी स्वतःच ब्रेक मारते, स्वतःच पट्ट्यांच्या मधून चालते. हायवेला लागलं की मी नुसता बसून असतो." मालकानेही त्याला सांगितलं म्हणे, की गाडी एवढी हुशार आहे तर एका दमात नागपूर गाठून लगेच परत फिरायला काय हरकत आहे?

ताईंनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. "गाडी आपोआप चालते, तर मग माझ्या जिवाला घोर का लागतो? आणि देव न करो, उद्या काही झालं, तर दोष गाडीचा की माझ्या पोराचा?"

प्रश्न साधे वाटले, पण उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आलं नाही. म्हणून आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि आज ते तुमच्यापुढे मांडतो आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या दारात कुठे गाडी आहे? नसेल. पण आपली मुलं, भाऊ, नवरे गाड्या चालवतात. लग्नाला, दवाखान्यात, देवदर्शनाला आपण भाड्याच्या गाडीने जातो. आणि रस्त्याच्या कडेने चालणारी, शेळ्या हाकणारी, डोक्यावर भारा घेऊन रस्ता ओलांडणारी बाई तर आपणच असतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

गाडी नक्की काय काय करते?

अलीकडे आपल्याकडच्या बऱ्याच नव्या मोटारींत एक सोय येते. विकणारे तिला 'ॲडास' म्हणतात. म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. मदत करणारी, हे शब्द लक्षात ठेवा.

समोरच्या काचेच्या आत, आरशाजवळ एक कॅमेरा असतो. पुढच्या बंपरमध्ये रडार असतं. रडार म्हणजे लहरी सोडून समोरची वस्तू किती दूर आहे ते ओळखणारं यंत्र. अशा यंत्रांच्या भरवशावर गाडी तीन-चार कामं करते. समोरच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखून वेग कमी-जास्त करते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून त्यांच्या मध्ये राहते, बाहेर जायला लागली तर स्टीअरिंग हलकेच आत वळवते. समोर अडथळा आला आणि चालकाने ब्रेक मारला नाही, तर स्वतः मारते. मागून बाजूने कोणी येत असेल तर इशारा देते.

अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली या सगळ्या प्रकारांच्या पायऱ्या ठरवल्या. शून्य ते पाच. शून्य म्हणजे सगळं काम माणसाचं. पहिल्या पायरीवर गाडी एक काम करते, वेगाचं किंवा स्टीअरिंगचं. दुसऱ्या पायरीवर दोन्ही कामं एकदम करते, पण चालकाने सतत रस्त्याकडे बघत राहायचं असतं. तिसऱ्या पायरीवर ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी चालकाला नजर काढता येते, पण गाडीने हाक मारली की लगेच ताबा घ्यावा लागतो. चौथ्या पायरीवर ठरवून दिलेल्या भागात गाडीला माणूस लागत नाही. पाचवी पायरी म्हणजे कुठेही, कधीही, माणसाशिवाय. अशी पाचव्या पायरीची गाडी आज जगात कुठेही विकायला नाही.

आपल्याकडच्या बाजारात ज्या मोटारी मिळतात, त्या दुसऱ्या पायरीच्या वर नाहीत. म्हणजे ताईंच्या मुलाची गाडी दुसऱ्या पायरीवरची. ती वेग सांभाळते, पट्टा सांभाळते. पण रस्ता बघायचं काम तिने घेतलेलं नाही. ते अजून मुलाच्याच डोक्यावर आहे. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं, त्यातही हेच लिहिलेलं असतं. फक्त ते पुस्तक डिकीत पडून राहतं आणि मोबाईलवरचे व्हिडिओ सगळे बघतात.

राखण करणं करण्यापेक्षा अवघड

आता पहिला प्रश्न. गाडी मदत करते, तर घोर कशाला?

मैत्रिणींनो, ज्वारी काढायला बसलं की तासन्‌तास हात चालतो, झोप येत नाही. पण त्याच ज्वारीची पाखरं राखायला माळ्यावर बसलं, की अर्ध्या तासात डोळा लागतो. दूध तापायला ठेवलं आणि हाताला दुसरं काम नसेल तर आपण पातेल्याकडे किती वेळ टक लावून बघतो? दोन मिनिटं. मग नजर फिरते, आणि नेमकं तेव्हाच दूध उतू जातं. काम करताना लक्ष आपोआप राहतं. नुसतं बघत बसायचं असेल, आणि बराच वेळ काहीच घडत नसेल, तर लक्ष टिकत नाही. हा आळस नव्हे, माणसाचा मेंदूच तसा आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हाच प्रश्न आला होता. रडारच्या पडद्याकडे बघत बसायचं, शत्रूची पाणबुडी दिसली की सांगायचं, असं काम सैनिकांना होतं. चांगली तरबेज माणसं, तरी काही वेळाने त्यांच्या नजरेतून खुणा निसटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टिकटिक पुढे सरकायचा. मधूनच कधीतरी तो दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. १९४८ साली त्याने निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांकडून उड्या निसटायला लागल्या होत्या.

आता बघा. जुनी गाडी चालवताना मुलाचे हात, पाय, डोळे सगळे कामात असतात. नवी गाडी हातापायाचं काम काढून घेते आणि त्याला फक्त राखणीला बसवते. पन्नास वेळा गाडी बरोबर ब्रेक मारते. एक्कावन्नाव्या वेळी त्याला वाटतं, आताही मारेल. हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. या विसंबून राहण्यातच धोका आहे.

अमेरिकेतली ती रात्र

यावर एक खरी घटना सांगतो. आम्ही ती वाचली तेव्हा आमच्या अंगावर काटा आला, कारण त्यातल्या दोन्ही बाया आम्हाला ओळखीच्या वाटल्या.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टेम्पी नावाचं शहर आहे. १८ मार्च २०१८, रविवार, रात्रीचे दहा वाजायला आलेले. उबर कंपनी तिथे आपोआप चालणाऱ्या गाडीच्या चाचण्या घेत होती. व्होल्वोची मोठी गाडी, तिच्यावर उबरची यंत्रणा बसवलेली. स्टीअरिंगमागे कंपनीने नेमलेली एक बाई बसली होती. तिचं काम एवढंच, गाडीवर नजर ठेवायची आणि चुकली तर ताबा घ्यायचा. आधी या कामाला गाडीत दोन माणसं असायची. काही महिन्यांपूर्वी कंपनीने एक माणूस कमी केला होता. त्या संध्याकाळी गाडी तोच मार्ग दुसऱ्यांदा फिरत होती.

त्याच वेळी ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. सायकलला पिशव्या लटकवलेल्या. गाडीचा वेग तासाला सुमारे ७० किलोमीटर. गाडीने तिला धडक दिली आणि ती बाई दगावली. आपोआप चालणाऱ्या गाडीच्या धडकेने पायी चालणारी व्यक्ती मरण पावल्याची ही जगातली पहिली नोंद.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने याचा बारीक तपास केला. यंत्राला ती बाई दिसली होती का? दिसली होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी. पण ती कोण आहे हे यंत्राला ठरवता येईना. आधी म्हणालं, ही मोटार आहे. मग म्हणालं, दुसरंच काहीतरी आहे. मग म्हणालं, सायकल आहे. दर वेळी मत बदललं की आधीचा हिशोब पुसून नवा हिशोब मांडायचं. त्यामुळे ती रस्ता ओलांडते आहे, ही साधी गोष्ट त्याला उमगलीच नाही. पायी चालणारा माणूस ठरवून दिलेली जागा सोडून कुठूनही रस्ता ओलांडेल, ही शक्यताच ते यंत्र बनवणाऱ्यांनी धरली नव्हती.

शिवाय व्होल्वोने गाडीत जे स्वतःचे आपत्कालीन ब्रेक दिले होते, ते उबरची यंत्रणा चालू असताना बंद ठेवलेले होते. दोन यंत्रणांची आपसात गल्लत होऊ नये म्हणून.

आणि स्टीअरिंगमागची बाई? तिची नजर खाली होती, मोबाईलकडे. पोलिसांच्या तपासानुसार त्यावर गाण्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम चालू होता. धडकेच्या सहा सेकंद आधी तिने नजर खाली नेली, ती वर आली तेव्हा एक सेकंद उरला होता. तिने ब्रेक मारला तो धडक झाल्यानंतर. मंडळाने म्हटलं, ती रस्त्याकडे बघत असती तर बाई बहुधा वेळेत दिसली असती आणि धडक टाळता आली असती किंवा तिचा जोर कमी झाला असता.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. दोष कोणाचा?

मंडळाने अहवालात सगळ्यांच्या चुका लिहिल्या. मुख्य कारण चालक बाईचं दुर्लक्ष. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी म्हणजे कंपनीची ढिली सुरक्षा व्यवस्था, कामावरच्या माणसांवर देखरेख नाही, विसंबून राहण्याची सवय लागते हे माहीत असून त्यावर उपाय नाही, राज्य सरकारचं अपुरं लक्ष. रस्ता ओलांडणारी बाई नशेच्या अंमलाखाली होती आणि चुकीच्या जागी ओलांडत होती, हेही लिहिलं.

पण कोर्टात उभं कोण राहिलं? कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ साली सांगितलं. खटला झाला तो चालक बाईवर. ती फेऱ्या मारत राहिली. शेवटी जुलै २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

एक बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत निघालेली. दुसरी बाई रात्रपाळीला पोटासाठी बसलेली. एकीचा जीव गेला, दुसरीच्या माथी गुन्हा आला. यंत्र बनवणारे त्या रात्री त्या रस्त्यावर नव्हते.

दोन-चार सेकंदांत ताबा घेता येतो का?

कोणी म्हणेल, ती तर चाचणीची गाडी होती, दुकानातून घेतलेल्या गाडीचं वेगळं. म्हणून आणखी दोन घटना सांगतो.

मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एक माणूस टेस्ला गाडीतून चालला होता. गाडीची चालकाला मदत करणारी यंत्रणा सुरू होती. समोरून एक मालट्रक रस्ता कापत आडवा आला. गाडीने ब्रेक मारला नाही, माणसानेही मारला नाही. गाडी ट्रेलरच्या खाली घुसली आणि माणूस गेला. तपासात दिसलं की ती यंत्रणा ३७ मिनिटं चालू होती आणि त्यात त्याचे हात स्टीअरिंगवर असल्याची नोंद फक्त २५ सेकंदांची होती. चूक ट्रकवाल्याची होती, वाट त्याने द्यायला हवी होती. पण डोळे उघडे असते तर आडवा आलेला एवढा मोठा ट्रक माणसाला दिसला असता.

दुसरी घटना चीनमधली, २९ मार्च २०२५ च्या रात्रीची. आन्हुई प्रांतात तीन कॉलेजच्या मुली शाओमी कंपनीच्या गाडीतून जात होत्या. मदत यंत्रणा चालू, वेग तासाला ११६ किलोमीटर. पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहतूक दुसऱ्या बाजूला वळवली होती. गाडीने इशारा दिला, समोर अडथळा आहे. चालक मुलीने एका सेकंदात ताबा घेतला, ब्रेक दाबला, स्टीअरिंग वळवलं. तरी गाडी ९७ च्या वेगाने सिमेंटच्या कठड्यावर आदळली. इशारा आणि धडक यांच्यात चार सेकंदांहून जास्त वेळ गेला नाही. तिन्ही मुली गेल्या. त्यानंतर चीनच्या सरकारने गाडीच्या जाहिरातीत 'स्वयंचलित' असे शब्द वापरायला कंपन्यांना मनाई केली.

यातून आपण काय घ्यायचं? यंत्र शेवटच्या क्षणी माणसाला हाक मारतं. आपल्या कडेवर झोपलेलं लेकरू कोणी अचानक दुसऱ्याच्या हातात दिलं, तर घेणारीला सावरायला क्षण लागतोच ना? चालकालाही लागतो. नजर कुठे आहे, वेग किती, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हे समजायला वेळ लागतो. जो आधीपासून बघत होता, त्याला थोडा वेळ पुरतो. जो मोबाईलमध्ये होता, त्याला पुरत नाही.

थोडा हिशोब करू. तासाला १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. पाच सेकंद मोबाईलवरचा निरोप वाचला, की गाडी १४० मीटर पुढे गेली. एकामागे एक दहा-बारा एसटी गाड्या उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर. तेवढं अंतर चालकाने डोळे मिटून कापलं, असंच समजा.

आपल्या रस्त्यावर यंत्राला काय दिसतं?

नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ५ जून २०२५ ला तो पूर्ण सुरू झाला. सरळ रस्ता, ठळक पट्टे, दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही. अशा रस्त्यावर ही यंत्रणा चांगली चालते. पण तिथेच राखणीची अडचणही जास्त. तासन्‌तास सरळ रस्ता, स्टीअरिंगला काम नाही, डोळ्यांवर झापड येते.

आणि महामार्गावरून खाली उतरलं की आपला गावचा रस्ता लागतो. पट्टे पुसलेले. कडेला मुरूम. उसाने भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, लाल कापडही नाही. बैलगाडी. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल. रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. आडवी बसलेली म्हैस. पट्टा दिसला नाही तर पट्टा सांभाळणारी सोय गप्प बंद पडते. काचेवर चिखल, दाट धुकं, मुसळधार पाऊस किंवा समोरून मावळतीचं ऊन आलं, की कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. आपल्यालाही दिसत नाही, पण आपण गाडी हळू करतो, मान पुढे काढून बघतो. यंत्राला तेवढं शहाणपण असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. या यंत्रांचा उपयोग आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२२ साली अभ्यास छापला. पायी चालणाऱ्याला ओळखून आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाड्यांकडून पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळलं. हा फायदा छोटा नाही. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक पडला नाही. आता तुम्हीच सांगा, आपल्या गावाच्या फाट्यावर दिवा आहे का? पहाटे दूध घालायला निघालेल्या, रात्री सत्संगाहून परतणाऱ्या बाईला गाडीच्या ब्रेकचा भरवसा धरता येईल का?

जुने लोक सांगतात, बाजारातून परतताना गाडीवान झोपला तरी बैल बरोबर घरी आणायचे. पण समोर खड्डा दिसला की बैल थांबायचे, कारण जीव त्यांनाही प्यारा. यंत्राला स्वतःचा जीव नाही. त्याला जे शिकवलं तेवढंच ते ओळखतं.

आपला कायदा काय म्हणतो?

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर ऐका. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८१ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणं गुन्हा आहे. कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात मोबाईल वापरणं हे धोकादायक चालवणं धरलं आहे. गाडी आपोआप चालत होती म्हणून चालक मोकळा, असं यातल्या कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. परवाना मुलाच्या नावावर, स्टीअरिंगवर बसलेला मुलगा. पोलीस त्यालाच विचारणार.

पण मालकाची जबाबदारी संपते असं मात्र नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने व्यावसायिक चालकांना दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली होती. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागायची. एकटा-दुकटा मालक म्हणेल, तो कायदा मोठ्या वाहतूकदारांसाठी होता. पण त्यातला हिशोब माणसाच्या शरीराचा आहे, आणि शरीर सगळ्यांचं सारखंच. गाडीत नवी सोय आली म्हणून चालकाची झोप कमी होत नाही. 'गाडी हुशार आहे, लगेच परत फिर' असं म्हणणारा मालक मुलाच्या झोपेवर पैसे वाचवतो आहे. टेम्पीच्या कंपनीनेही एक माणूस कमी केला होता, हे आठवा.

आपण काय करायचं?

आपल्याला यंत्र दुरुस्त करता येणार नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, आणि ती आपल्याच वागण्याची. घरचा माणूस गाडीवर असताना फोन करू नका. "कुठे पोचलास? जेवलास का?" हा आपला काळजीचा फोनच कधी कधी त्याची नजर खाली ओढतो. निघताना एक, थांबल्यावर एक, असे फोन त्याने करायचे, असं घरात ठरवून घ्या.

दुसरी. घरातल्या चालकाशी बोला, पण रागावून नको. विचारा, "तुझ्या गाडीत कोणती सोय आहे? ती कधी बंद पडते? तुला पुस्तक वाचून दाखवू का?" सांगता येत नसेल, तर त्याला गाडी अर्धीच कळली आहे. काही जण गाडीला फसवायला स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवतात, म्हणजे हात आहे असं गाडीला वाटतं. असा व्हिडिओ दिसला तर हसून पुढे पाठवू नका. त्या बाटलीने फसते ती गाडी, मरतो माणूस.

तिसरी. गटाने सहलीला, मेळाव्याला गाडी ठरवली, तर भाव विचारतो तसंच हेही विचारा, की चालक काल रात्री झोपला होता का? लांबचा पल्ला असेल तर दुसरा चालक आहे का? दोन तासांनी चहाला थांबणार का? शे-पाचशे जास्त गेले तरी चालतील.

चौथी, सगळ्यात अवघड. गाडीत बसल्यावर बोलायला शिका. चालक मोबाईल बघतो आहे, हात मांडीवर आहेत, आणि मागे पाच बाया गप्प बसल्या आहेत. का? "बाई माणसाने काय सांगायचं गाडीतलं?" म्हणून. आम्हीही गप्प बसलो आहोत कितीदा, कबूल करतो. पण जीव आपला आहे. "दादा, हात स्टीअरिंगवर ठेवा, फोन आमच्याकडे द्या, आम्ही बघतो कोणाचा आहे ते," एवढं म्हणता येतं. नाही ऐकलं तर "गाडी बाजूला घ्या" म्हणायचं. सगळ्या मिळून म्हटलं तर ऐकतात. बचत गटाने आपल्याला बँकेच्या साहेबापुढे बोलायला शिकवलं, तर ड्रायव्हरपुढे बोलणं काय अवघड? आणि मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावा.

पाचवी. पायी चालताना येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला. अंधारात बॅटरी घ्या, अंगावर फिकट रंगाचं काहीतरी असू द्या. गाडी दिसली म्हणजे तिला आपण दिसलो, असं समजू नका. ग्रामसभेत फाट्यावरच्या दिव्याचा आणि ट्रॉलीमागच्या चमकत्या पट्टीचा विषय काढा. हे माणूस चालवत असलेल्या गाडीसाठीही तितकंच खरं आहे.

आता ताईंचं काय झालं ते सांगतो. हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही ताईंना सांगितलं. त्यांनी त्या रात्री मुलाला फोन केला नाही. तो मुक्कामाला पोचल्यावर त्यानेच केला. ताई त्याला म्हणाल्या, "गाडी तुझी मदतनीस आहे बाळा, मालकीण नाही. मदतनिसाच्या भरवशावर शेत सोडून कोणी झोपतं का?" मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मालक ऐकणार नाही, आई." ताई म्हणाल्या, "मग त्याला सांग, गुन्हा तुझ्या नावावर लागणार आहे, त्याच्या नाही. म्हणून नाही म्हणायचा हक्कही तुझाच."

मालकाने अजून दुसरा चालक दिलेला नाही. पण रात्री परत फिरायला मुलाने नकार दिला आणि नोकरी शाबूत आहे. ताईंचा घोर गेलेला नाही. आम्हाला वाटतं, तो थोडा राहिलेलाच बरा. राखण करणाऱ्याला थोडा घोर असावाच लागतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर हा विषय काढा. तुमच्या गटात कोणाकोणाच्या घरी चालक आहेत ते मोजा. गाडीत बोलायचा प्रसंग कोणावर आला असेल, तर काय बोललात, काय झालं, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमचे अनुभव आम्ही वाचून दाखवू.

तोवर रस्त्यावर नजर ठेवा, आणि चालकाच्या नजरेवरही. नमस्कार.